गुरुवारचा सिदू

मला मास्तरकी शिकवली ती सदरांनी, आणि तीही सिदू होऊन. आज गावात माझं नाव निघालं की लोक म्हणतात, गहिनीनाथ मास्तरांसारखा शांत माणूस पाहिला नाही. हे ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी शांत कसा झालो ते यांना ठाऊक नाही, म्हणून बोलतात. आता वय झालंय, कुणाला घाबरायचं कारण उरलं नाही. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी आष्टीकडचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या वडिलांनी, आश्रुबांनी, चारातलं एक पोर तरी ढेकळांतून बाहेर पडावं म्हणून मला शिकवलं. मराठी झाली, उर्दू झाली आणि एकविसाव्या वर्षी मला मास्तरकी मिळाली. धर्मापुरीहून दोन कोसांवरच्या एका खेड्यात चावडीमागं दोन खोल्या आणि एक पडवी, एवढी शाळा. नेमणूक हंगामी होती. हंगामी मास्तरानं पंचविशीच्या आत औरंगाबादेला जाऊन वर्षाचं ट्रेनिंग घ्यायचं, तर नोकरी कायम. नाही जमलं तर ट्रेनिंगवाला मास्तर आला की आपण वळकटी उचलायची आणि परत आष्टीला नांगर धरायचा. अख्ख्या तालुक्यातून वर्षाला एकाच मास्तराला पाठवत. त्यासाठी सदरांची लेखी शिफारस लागे आणि वरच्या साहेबानं आपला पाठ बघितलेला असावा लागे.

सदर म्हणजे सदर मुदर्रिस, शाळेचे मुख्य मास्तर. नाव मल्लिनाथ. लिंगायत वाण्याच्या घरातले. भाऊ ईश्वरप्पा परळीला कापडाचं दुकान चालवायचे. दुकानाची गादी सोडून हे खेड्यात पोरांना पाढे शिकवायला आले, म्हणून भावानं बोलणं टाकलं होतं. अंगानं किरकोळ, काळी टोपी, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि आवाज इतका हळू की पोरांना ऐकायसाठी गप्प बसावं लागे. तिसरे मास्तर म्हणजे उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब. तेही वयस्क, पण चेष्टेखोर. मी आलो तेव्हा ते म्हणाले, चला, आता शाळेत एक तरी माणूस ओरडणारा झाला.

ओरडतच होतो मी. आणि मारतही होतो. मला राग फार लवकर यायचा. माझ्या वर्गात सिदू नावाचा मुलगा होता. वजाबाकी घातली की हमखास चुकायचा. बावन्नातून अडतीस गेले किती, म्हटलं की पाटीवर सव्वीस. चार दिवस समजावलं, चारही दिवस सव्वीस. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि त्याच्या डाव्या कानाखाली अशी दिली की पोर भुईवर बसलं. शेजारच्या खोलीतून सदर आले. त्यांनी सिदूला पाणी पाजलं, पडवीत बसवलं आणि मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता आपली हजेरी घेणार.

"मारायचं तर मार," ते म्हणाले. "पर मारायच्या आधी मला येऊन सांग, पोरगं कुठं चुकलं. काय चुकलं ते न्हाई, कुठं चुकलं."

मला हे कळलंच नाही. बावन्नातून अडतीस, उत्तर चौदा, ह्यानं लिहिले सव्वीस. चुकलं ते समोर दिसतंय की. सदर म्हणाले, मग गुरुवारी बघू.

तेव्हा शाळेला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची असे. गुरुवारी दुपारी सदर पोरांना लवकर सोडत आणि मग आमची शाळा भरे. एकानं मास्तर व्हायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी. असला रिवाज मी दुसऱ्या कुठल्याच शाळेत पाहिला नाही. सदरांनी तो स्वतःच्या डोक्यातून काढला होता. त्या गुरुवारी त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, पोरांच्या सतरंजीवर मांडी घातली, पाटी मांडीवर घेतली आणि म्हणाले, आज मी सिदू. शेजारी मौलवीसाहेब दाढी सावरत बसले. ते कोण झाले होते आठवत नाही, बहुधा कुणीतरी हुशार.

मला आधी हसू आलं. मग मी वजाबाकी घातली. सदरांनी पेन्सिल जिभेला लावली, पाटीवर वाकले आणि सव्वीस लिहून पाटी माझ्यापुढं धरली. तोंडावर भाव अगदी सिदूचा, आता शाबासकी मिळणार असा. मी समजावलं. पुन्हा सव्वीस. पुन्हा समजावलं, आवाज चढला. पुन्हा सव्वीस. चौथ्या वेळी माझा हात वर गेला. वडिलांच्या वयाच्या माणसावर, माझ्या वरिष्ठावर. आणि सदरांनी झटकन डावा तळहात डाव्या कानावर ठेवला आणि डोळे मिटले.

मी हात खाली घेतला. मला इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं. सदरांनी डोळे उघडले आणि सिदूच्याच आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमीच सांगितलं की, मोठ्यातनं लहान जातं. आठ मोठे, दोन लहान. म्हणून आठातनं दोन काढले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्याच दिवशी मी वर्गात ओरडून सांगितलं होतं, मोठ्यातून लहान वजा करायचं, ध्यानात ठेवा. सिदूनं बिचाऱ्यानं ध्यानात ठेवलं होतं. वर दोन आणि खाली आठ दिसले की तो आठातून दोन काढायचा. पोर चुकलं होतं ते माझ्या वाक्यात.

पुढच्या आठवड्यात मी तुराट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. बावन्न म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या. दोनातून आठ जात नाहीत, मग एक जुडी सोड. सिदूनं स्वतःच्या हातानं सुतळी सोडली, बारा काड्या झाल्या, आणि त्यानं चौदा काढून दाखवले. मी आयुष्यात एवढा खूश क्वचितच झालो असेन. सदर दारात उभे होते. तिथूनच आपल्या वर्गात निघून गेले.

तीन वर्षं असे गुरुवार झाले. कधी ते सिदू होत, कधी पाढे गाऊन म्हणणारी पण मध्येच विचारलं की अडणारी तुळजा होत, पण बहुतेक वेळा सिदू. सिदू तिसरीतून चौथीत गेला, चौथी होऊन शेळ्यांमागं गेला, तरी सदरांचा गुरुवारचा सिदू काही पास झाला नाही. मी शिकवताना कुठं घाई करतो, कुठं मलाच नीट कळलेलं नाही, ते त्या सिदूच्या चुकीत मला दिसे. सदरांनी मला कधी उपदेश केला नाही. ते नुसते चुकत, आणि मी शिकत गेलो. छडी कोपऱ्यातच राहिली आणि पोरं मला चिकटू लागली. त्या माणसानं मला मास्तर केलं.

मी चोवीस पुरे केले त्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी सदर नेहमीसारखे सिदू झाले. मी भागाकार घेत होतो. त्यांनी इतका सुंदर घोळ घातला, इतके गोंधळून माझ्याकडं पाहिलं, की मौलवीसाहेबांनीही मान डोलावली. पाठ संपला. मी म्हणालो, सदर, आज कमाल केलीत, असं सोंग कुणाला वठणार नाही. ते तसेच बसून राहिले. पाटी छातीशी धरलेली. मग म्हणाले, मला घरी सोडा. आम्ही दोघं हसलो. त्यांची टोपी खुंटीवरून काढून मी त्यांच्या हातात दिली, तर ती उलटसुलट करून बघू लागले.

त्यानंतर आठ दिवसांनी सकाळची हजेरी घेताना ते चौथ्या नावावर थांबले आणि पुढं गेलेच नाहीत. पोरं कुजबुजायला लागली. मी जाऊन पुढची नावं घेतली. दुपारी मौलवीसाहेब मला पडवीत गाठून म्हणाले, "मास्तर, ये सोंग न्हाई. लई दिवसांपास्नं सोंग न्हाई."

मी त्यांच्यावरच भडकलो. म्हटलं, वय झालंय, विसरतं माणूस. पण त्यांचं खरं होतं. मागचे कितीतरी गुरुवार मी ज्याला कमाल कमाल म्हणत होतो, ती काय होती ते मला कळून चुकलं. ते खरोखरच अडत होते, आणि मी त्यांना शाबासकी देत होतो.

शिवकांताबाई, सदरांच्या घरच्या, शुक्रवारी माझ्या खोलीवर आल्या. कधी कुणाच्या दारी जाणारी बाई नव्हे ती. पदर सावरून उंबऱ्यापाशीच उभी राहिली. घरी ते काय करतात ते थोडक्यात सांगितलं. चूल पेटलेली असताना विचारतात, चूल कुठाय. बायकोला आपल्या आईच्या नावानं हाक मारतात. मग म्हणाल्या, "दीड वरीस राह्यलंय वजिफ्याला. तेवढं सांभाळून घ्या, भाऊ. ईश्वरप्पा भावजी तर आमचं तोंड बघत न्हाईत."

नोकरीची वर्षं पुरी झाली की सरकार घरी बसून वेतन देई, तो वजिफा. मी लगेच हो म्हणालो. तेव्हा माझ्या मनात काडीचंही पाप नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं धरा. हजेरी मी घेऊ लागलो. वरचे कागद मौलवीसाहेब लिहू लागले. सदरांना आम्ही पहिलीच्या पोरांत बसवत असू. ती पोरं त्यांच्याभोवती गोळा होत आणि ते त्यांना हळू आवाजात काहीबाही सांगत. एखाद्या सकाळी एकदम पूर्वीसारखे होत, माझ्या वर्गात येऊन मागं उभे राहत आणि जाताना एवढंच विचारत, ती कडेची पोरगी आज गप्प कावून होती. आणि ती खरंच गप्प असे, आणि माझ्या ते लक्षात आलेलं नसे.

शिफारशीचा कागद माघात पाठवायचा होता. सदरांना तो लिहिणं शक्य नव्हतं. मग मीच लिहिला. स्वतःची स्तुती स्वतःच्या हातानं, त्यांच्या तोंडची म्हणून. मेहनती आहे, पोरांना जीव लावतो, गणित उत्तम शिकवतो, औरंगाबादेस पाठवण्यास सर्वथा लायक. खोटं एकही अक्षर नव्हतं. पण ते लिहायचा हक्क माझा नव्हता. सकाळी सदर पडवीत उन्हाला बसले होते. मी कागद पुढं ठेवून म्हटलं, इथं सही करा. मला वाटलं, न वाचता करतील.

ते वाचत बसले. बोट ठेवून, ओळ न् ओळ. मग त्यांनी टाक मागितला, दौतीत बुडवला, आणि सही करायच्या आधी माझ्या स्तुतीखाली आपल्या हातानं एक ओळ घातली. राग आवरतो, पण अजून पुरता नाही. खाली सही केली. झोकदार, जुनी, पहिल्यासारखी. कागद माझ्या हातात देऊन माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. दुपारी मात्र त्यांना मी कोण ते आठवत नव्हतं.

मोहतमिमसाहेब, म्हणजे जिल्ह्याच्या सगळ्या शाळा ज्यांच्या हाताखाली ते अधिकारी, फाल्गुनात दौऱ्यावर आले. नेमके गुरुवारी. हैदराबादेकडचा माणूस, गोरापान, हसतमुख. मराठी जेमतेम समजे. सोबतचा पेशकार, म्हणजे त्यांचा कारकून, त्यांना उर्दूत सांगे. गुरुवारच्या पाठाची बातमी त्यांच्या कानावर कुठूनशी गेली होती. म्हणाले, तो बघायचाय. मौलवीसाहेबांनी सदरांची तब्येत बरी नसल्याचं सांगून बघितलं, पण तेवढ्यात सदर स्वतः उठले, टोपी काढून खुंटीला लावली आणि सतरंजीवर जाऊन बसले. गुरुवारी दुपारी सतरंजीवर बसायचं, एवढं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

मी मुद्दाम बावन्नातून अडतीस घातले. वाटलं, जुनं तरी आठवेल. त्यांनी पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पाटीवर काहीच लिहिलं नाही. मी तुराट्या आणल्या. जुडी सोडायला सांगितली, तर त्यांना गाठ सुटेना. मी खाली बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि दोघांनी मिळून सुतळी सोडली. एकेक काडी मोजली. सातावर विसरले, पुन्हा एकपासून. नवावर विसरले, पुन्हा एकपासून. मी एकदाही आवाज चढवला नाही. त्यांनी जे जे शिकवलं होतं ते ते सगळं मी त्या अर्ध्या तासात त्यांच्यावरच वापरलं. शेवटी चौदा काड्या उरल्या आणि सदर मला हळूच म्हणाले, "आलं का बरुबर?"

साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पेशकारापाशी म्हणाले, इतकी वर्षं शाळा बघतोय, असा मास्तर नाही पाहिला आणि मठ्ठ पोराचं असं सोंग तर उभ्या जन्मात नाही. माझी शिफारस त्यांनी तिथंच वाचली. शेवटच्या ओळीला खदखदून हसले. म्हणाले, जो सदर एवढं खरं लिहितो त्याचं बाकीचंही खरंच असणार. ती ओळ नसती तर कदाचित त्यांनी चार प्रश्न विचारले असते.

महिन्याभरात बीडहून हुकूम आला. जिल्ह्यातल्या चाळीस मास्तरांना बोलावलंय, त्यांच्यापुढं मल्लिनाथ सदरांनी आपला पाठ दाखवावा, सोबत गहिनीनाथ मास्तरानं यावं, औरंगाबादेचा कागद त्याला तिथंच हातात मिळेल. शिवकांताबाईंनी हुकूम ऐकला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाल्या, आता नको. आता साहेबांना खरं सांगून टाका. वजिफा गेला तर गेला, पण माझ्या माणसाला चार लोकांत उभं करू नका. मी म्हणालो, बीडला पोचलो की पहिल्यांदा तेच करतो.

आणि मी ते मनापासून म्हणालो होतो. पण मग रस्ता लागला. तीन दिवसांचा बैलगाडीचा रस्ता, विचार करायला भरपूर. सदरांचं डोकं ठिकाणावर नाही असं मी सांगितलं, की साहेब विचारणार, कधीपासून. दिवाळीपासून म्हटलं, तर माघात सही केलेली शिफारस कसली. ती फाडायची. वैशाखात मला पंचवीस पुरी. पुन्हा संधी नाही. आष्टी, नांगर, वडिलांचं तोंड. गाडीच्या चाकाबरोबर हेच माझ्या डोक्यात गरगरत होतं. शिवकांताबाई मागं बसल्या होत्या, त्यांना वाटत होतं मी काय आणि कसं सांगायचं ते जुळवतोय.

दुसऱ्या दिवशी सदरांनी मला विचारलं, आपण कुठं चाललोय. बीडला, गुरुवारच्या पाठाला. शिकवणार कोण, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. "मग काय भ्या न्हाई," ते म्हणाले आणि माझ्या खांद्याला टेकून झोपले.

बीडला साहेब आमच्या स्वागताला बाहेर आले. बोलायची वेळ तीच होती. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, तुझा कागद सहीला तयार आहे. मी हात जोडले. शिवकांताबाई गाडीपाशी उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांना खुणेनं सांगितलं, नंतर.

एका मोठ्या खोलीत चाळीस मास्तर भिंतीला लागून बसले. मध्ये सतरंजी. सदरांनी टोपी काढली, खुंटी शोधली, सापडली नाही, तशी हातातच धरून बसले. मी उठायला लागलो तर साहेब म्हणाले, तू नको. तुला त्यांची सवय आहे. नवा मास्तर काय करतो ते बघू. आणि त्यांनी मोहनराव नावाच्या एका मास्तराला उठवलं. माझ्याच वयाचा, औरंगाबादेहून नुकताच ट्रेनिंग घेऊन आलेला, भांग पाडलेला, आवाज खणखणीत. मी माझ्या जागेवर पुन्हा बसलो.

मोहनरावांनी गणित घातलं. सदर दाराकडं बघत राहिले. मोहनरावांनी दरडावून विचारलं, इकडं बघ, काय नाव तुझं. सदर म्हणाले, सिदू. खोलीत हशा पिकला. मोहनरावांनी पुन्हा गणित सांगितलं, मोठ्यानं. सदरांची पाटी मांडीवरून घसरली. ती उचलायला वाकले आणि टोपी पडली. टोपी उचलली, पाटी राहिली. लोक हसून हसून लोळायच्या बेताला आले. साहेब डोळे पुसत होते. मग सदरांची नजर रांगेतल्या एकेका तोंडावरून फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"गहिनीनाथ," ते म्हणाले, "हे काय म्हणत्यात? मला कळंना."

हसण्याचा असा भडका उडाला की खिडक्या वाजल्या. वर्गात शेजारच्या पोराला उत्तर विचारणारा मठ्ठ, काय हुबेहूब, असं कुणीतरी म्हणालं. मोहनराव आता घामाघूम झाले होते. त्यांना वाटलं, म्हातारा आपली फजिती करतोय. पाच वेळा सांगून झालं, सहाव्या वेळी त्यांनी हात उगारला. खोटाच उगारला असेल. सदरांनी डावा तळहात डाव्या कानावर ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांच्या खालची सतरंजी ओली होत गेली.

माझं रक्त तापलं. उठावं, त्या मोहनरावाचा हात धरावा, साहेबाच्या तोंडावर सगळं ओकून टाकावं आणि माझ्या माणसाला उचलून बाहेर न्यावं, एवढा राग आला. गुडघ्यावर हात ठेवून मी अर्धा उठलोही. तेवढ्यात शेजारचा मास्तर माझ्याकडं बघून म्हणाला, तुमचे सदर का हो, लई भारी माणूस. सगळे हसत होते. त्याला माझ्या तोंडाकडं बघताना पाहून मीही हसलो आणि खाली बसलो.

ओल पुढं पसरली तेव्हा हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. साहेबांना उमगायला वेळ लागला नाही. पण ते सज्जन माणूस. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही, मलाही नाही. शिवकांताबाई आत आल्या, सदरांना धरून उठवलं, पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मोहनराव भिंतीकडं तोंड करून रडत होते. मी मात्र रडलो नाही.

संध्याकाळी पेशकारानं माझा कागद माझ्या हातात दिला. साहेब भेटले नाहीत. मी गाडीपाशी गेलो. सदर आत धोतर बदलून झोपले होते. शिवकांताबाई बैलांपुढं कडबा टाकत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमचं औरंगाबादचं झालं का, भाऊ?"

मी म्हटलं, झालं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर असते तर त्यांना लई आनंद झाला असता."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, मला भांडता येतं. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी परत गेली आणि मी औरंगाबादेची वाट धरली. सदरांना त्याच महिन्यात नोकरीवरून कमी केलं. वजिफ्याचं काय झालं ते मी कधी विचारायला गेलो नाही. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा मौलवीसाहेबांचं पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर लिहिलं नाही.

पुढं मीही सदर झालो. सव्वीस वर्षं होतो. माझ्या हाताखाली नऊ मास्तर आले आणि गेले. त्यांतला एक अगदी माझ्यासारखा होता, सुग्रीव नावाचा, तापट, पोरांवर हात टाकणारा, पण आतून चांगला. एके दिवशी पोराला मारून झाल्यावर तो स्वतःच माझ्यापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, सदर, मला हे सुधारायचंय, तुमी सांगा, तुमाला राग कसा येत नाही.

दिवस गुरुवारच होता. पोरं गेली होती. सतरंजी तिथंच अंथरलेली होती. मी टोपी काढून खाली बसायचं, एवढंच होतं. मी म्हटलं, येईल हळूहळू, जा घरी. तो थोडा वेळ थांबला आणि गेला.

राग आवरतो, पण अजून पुरता नाही, असं सदरांनी लिहिलं होतं. बीडला त्या खोलीत मला तो पुरता आवरता आला. नंतर मला कधी राग आलाच नाही.